लखुजी जाधवराव फितूर होते काय ?

गेल्या अंकाच्या शेवटीं, पुढील खेपेस समासांविषयीं चार शब्द लिहूं, असें आम्हीं वाचकांस कबूल केलें होतें. तें काम एक महिना पुढें ढकलीत आहोंत याबद्दल आधींच क्षमा मागतों. कारण घरांतलेंच आहे; पण हें मासिक घरांत, तीन तीन पिढ्यांच्या मंडळींत बसून वाचलें जातें हें ठाऊक असल्यामुळें तें सांगण्यास संकोच वाटत नाहीं. आमच्या माळ्यावरून एक जुनी वही खालीं आली, आणि आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलेलें एक वाक्य आमच्याच ओसरीवर आरोपीसारखें उभें राहिलें.

श्रावणाचा पहिला पंधरवडा होता. चामोर्शीच्या भोंवतीं धानाची रोवणी चाललेली, दिवसभर पावसाची झड लागलेली, आणि संध्याकाळीं नित्याप्रमाणें वीज गेलेली. ओसरीवर कंदील ठेवून सारें घर गोळा झालें होतें. नातू सातवींत आहे व त्याला शाळेंत शिवकालाचा इतिहास लागला आहे. त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या थोरल्या चिरंजीवांची, इतिहासाची जुनी वही त्याच्या हातीं लागली होती. चिरंजीव त्या वर्षीं आमच्याच वर्गांत होते. तेव्हां वहींतलें प्रत्येक उत्तर आम्हींच फळ्यावर लिहून दिलेलें. मुलगा वाचतां वाचतां थांबला आणि म्हणाला, "आजोबा, लखुजी जाधवराव म्हणजे जिजाऊसाहेबांचे वडील ना?"

"होय."

"पण येथें लिहिलें आहे, 'लखुजी जाधवराव निजामशाहीस फितूर होऊन मोगलांस मिळाले.' म्हणजे शिवाजीमहाराजांचे आजोबा फितूर होते?"

चिरंजीव हंसून म्हणाले, "अण्णा, त्या उत्तरास तुम्हीं मला पूर्ण गुण दिले होते." आम्हीं वही कंदिलापाशीं धरून पाहिली. खरोखरच बाजूला आमच्या तांबड्या शाईची खूण होती. आम्ही कांहीं बोलणार तोंच उंबऱ्यापाशीं वाती वळीत बसलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, बाप एका फौजेंत आणि नवरा समोरच्या फौजेंत; त्या मुलीनें काय करावें, हें नाहीं का त्या वहींत?"

त्या रात्रीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. शिक्षकानें न समजतां उत्तर देण्यापेक्षां 'उद्यां सांगतों' म्हणणें बरें. तो 'उद्यां' उगवण्यास पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जें वाचलें व जें मनाशीं घोळविलें तें आज वाचकांपुढें मांडीत आहोंत.

प्रथम माणूस कोण तें पाहूं. लखुजी जाधवराव हे सिंदखेडचे देशमुख. तें सिंदखेड आज बुलढाणा जिल्ह्यांत 'सिंदखेड राजा' या नांवानें प्रसिद्ध आहे. विदर्भाच्या पूर्वेच्या टोकास आम्ही, तर पश्चिमेच्या टोकास तें. जाधवरावांचें घराणें आपला वंश देवगिरीच्या यादवांपासून सांगे. यादवांचें राज्य बुडून तीनशें वर्षें होत आलीं होतीं, देवगिरीचें दौलताबाद झालें होतें, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं तेथें राज्य केलें त्यांनींच तेथल्या सुलतानापुढें मुजरा करावा अशी वेळ आली होती. निजामशाहींतील सर्वांत बलाढ्य मराठा सरदारांत लखुजींची गणना होई. इ. स. १५९८ मध्यें सिंदखेडास त्यांच्या घरीं जिजाबाईंचा जन्म झाला.

आतां नकाशा डोळ्यांपुढें आणावा. वऱ्हाड प्रांत १५९६ मध्यें निजामशाहीकडून मोगलांकडे गेला, व १६०० मध्यें अहमदनगरचा किल्लाही पडला. निजामशाही बुडाली असेंच सर्वांस वाटलें. पण लहानपणीं गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर नांवाच्या हबशी पुरुषानें ती पुन्हां उभी केली आणि पाव शतक मोगलांशीं टक्कर दिली. मोगलांच्या छावण्या बऱ्हाणपुरास व बाळापुरास. मलिक अंबराचें ठाणें खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस, ज्यास आतां छत्रपति संभाजीनगर म्हणतात. या दोहोंच्या मधोमध सिंदखेड. बाळापुराहून दक्षिणेस निघालेली फौज असो कीं खडकीहून वऱ्हाडांत घुसणारी असो, धूळ उडायची ती जाधवरावांच्या शेतांवर. अडकित्त्यांत धरलेल्या सुपारीस 'यांतलें कोणतें पातें तुझें?' असें विचारण्यांत जेवढें शहाणपण, तेवढेंच सिंदखेडच्या देशमुखास 'तुमचा पक्ष कोणता?' असें विचारण्यांत होतें.

मग त्यांचें स्वतःचें असें होतें तरी काय? होतें एक वतन. हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला. मूळ भाषेंत त्याचा अर्थ जन्मभूमि, स्वदेश. मराठींत मात्र त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेनें चालत आलेला हक्क, म्हणजे गांवची पाटिलकी, परगण्याची देशमुखी, त्याबरोबरचा मान आणि त्याबरोबरची जबाबदारी. लखुजींच्या काळच्या देशमुखापाशीं हे दोन अर्थ वेगळे नव्हतेच. ज्या परगण्याचा वसूल आपण गोळा करतों, ज्याच्या रयतेस दुष्काळांत आपण धीर देतों, जेथें आपल्या वाडवडिलांचे दिवे लागतात, तोच त्याचा देश. दिल्लीस कोण आणि दौलताबादेस कोण, हें ऋतुमानासारखें बदलणारें. वतन टिकलें पाहिजे. हा विचार उदात्त होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो त्या काळचा विचार होता, आणि एकट्या जाधवरावांचा नव्हता. घाटगे, मोरे, घोरपडे, निंबाळकर, सावंत, भोसले, कोणाचेंही घराणें उघडून पाहिलें तरी त्यांत हाच धागा सांपडेल.

आमच्यासारख्या संस्कृतावर पोसलेल्या मनुष्यास येथें कौटिल्याची आठवण येणें साहजिक आहे. त्याचें अर्थशास्त्र शतकानुशतकें दृष्टीआड होतें. शामशास्त्री यांस म्हैसुरास त्याची पोथी मिळाली व १९०९ मध्यें तें छापून निघालें. राजनीतीचे सहा गुण सांगतांना कौटिल्य दुर्बळासाठीं 'संश्रय' नांवाचा गुण सांगतो. संश्रय म्हणजे समर्थाचा आसरा. दोन बलवानांच्या कैचींत सांपडलेल्यानें, जो रक्षण करूं शकेल त्याचा आश्रय घ्यावा, नाहीं तर दोघांशींही संबंध ठेवून एकास दुसऱ्याविषयीं साशंक राखावें, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे ज्यास आम्हीं वहींत पाप म्हणून लिहून दिलें, तें आपल्या जुन्या शास्त्रकारानें नीतीचा एक प्रकार म्हणून गणलें आहे. पण येथें एक भेद आहे. कौटिल्य बोलतो तो राजाशीं. ज्यास स्वतःचा दुर्ग, कोश व प्रजा आहे अशा राजास संश्रय शोभतो व संकट टळल्यावर तो सोडतांही येतो. लखुजी राजे नव्हते, सरदार होते. संश्रय सोडून परत यावें असें त्यांचें स्वतःचें सिंहासन कोठेंच नव्हतें. त्यांच्या साऱ्या दुःखाचें मूळ आम्हांस येथें दिसतें, व त्याकडे आम्ही पुन्हां येऊं.

आतां हकीकत. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें कवींद्र परमानंदानें रचलेलें शिवभारत हें संस्कृत काव्य १९२७ मध्यें सदाशिव महादेव दिवेकर यांनीं प्रसिद्ध केलें. त्यांत जाधव-भोसले वैराचा प्रसंग आहे. निजामशहाचा दरबार सुटला असतां खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरला व माणसें तुडवूं लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्यास आवरण्यास धांवले. शहाजीराजांचे चुलतबंधु संभाजी व खेळोजी खंडागळ्याच्या बाजूनें उभे राहिले. हत्ती राहिला बाजूस, आणि सोयरे सोयऱ्यांवर तुटून पडले. दत्ताजी पडले. मुलाच्या मरणाची वार्ता ऐकून माघारी फिरलेल्या लखुजींनीं संभाजीस ठार केलें, आणि मध्यें आलेल्या जांवयावर, खुद्द शहाजीराजांवर, घाव घातला. एका घटकेंत जिजाबाईंचा भाऊ गेला, दीर गेला, आणि पतीच्या अंगावरील जखम बापाच्या हातची ठरली.

या प्रसंगानंतर जाधवराव निजामशाही सोडून दिल्लीच्या बादशहाकडे गेले, असा शिवभारताचा क्रम आहे. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढील शहाजहान, दक्षिणेंत उतरला होता तो हा १६२१ चा सुमार. मलिक अंबर जसजसा सारी सत्ता आपल्या हातीं घेत गेला, तसतसे जुने सरदार त्याच्यापासून दूर होत गेले, हेंही एक कारण. मोगलांनीं जाधवरावांस उराशीं धरलें. त्यांस, त्यांच्या पुत्रपौत्रांस व आप्तांस मिळून चोवीस हजारांची मनसब व पंधरा हजार स्वारांचा सरंजाम मिळाल्याची नोंद मोगल दरबारच्या इतिहासांत आहे. ही लहानसहान भाकरी नव्हे. आणि केवळ वतनरक्षणासाठीं ते गेले असें म्हणून आम्ही हा आंकडा झांकूं इच्छीत नाहीं. लोभ होता, राग होता, पुत्रशोक होता आणि वतनाची काळजीही होती. मनुष्य पक्ष बदलतो तेव्हां त्याच्या मनांत एकच कारण असतें असें आम्हांस या वयांत वाटेनासें झालें आहे.

पुढें १६२४ मध्यें अहमदनगराजवळ भातवडीची लढाई झाली. एका बाजूस मोगल व विजापूरकर यांच्या एकवटलेल्या फौजा. दुसऱ्या बाजूस एकटा मलिक अंबर. त्यानें तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणींत पाणी सोडलें, मग हल्ला करून त्यांचा धुव्वा उडविला. त्याच्या बाजूनें शहाजीराजे लढले व त्यांचे सख्खे धाकटे बंधु शरीफजी तेथें धारातीर्थीं पडले. समोर मोगलांच्या फौजेंत लखुजी जाधवराव होते. त्यांनीं नेट धरला नाहीं व रण सोडलें असा ठपका मोगलांकडील वृत्तांतांत त्यांच्यावर आहे. म्हणजे पाहा, निजामशाहीच्या दृष्टीनें ते शत्रूकडे गेलेले, आणि मोगलांच्या दृष्टीनें ते मन लावून न लढणारे! दोन दरवाजांच्या मध्यें उभ्या राहिलेल्या मनुष्यास दोन्हीकडचा वारा लागतो, ऊब मात्र एकीकडचीही मिळत नाहीं.

१६२६ मध्यें मलिक अंबर वारला. ज्याच्याशीं बिनसलें तोच गेला, तेव्हां परतीची वाट मोकळी झाली असें जाधवरावांस वाटलें असल्यास नवल नाहीं. १६२८ मध्यें शहाजहान तख्तावर बसला. आणि त्यानंतर लवकरच लखुजी मोगलांची चाकरी टाकून पुन्हां निजामशाहींत आले. पण निजामशहा हा हलक्या कानाचा व संशयी. जो एकदां गेला तो पुन्हां जाईल, ही भीति त्याच्या मनांतून जाईना. शके १५५१, श्रावण शुद्ध पौर्णिमा, म्हणजे इ. स. १६२९ च्या जुलै महिन्याची २५ तारीख. आपल्या घरीं ज्या दिवशीं श्रावणी होते व बहिणी भावांस राखी बांधतात, तो दिवस. दौलताबादच्या दरबारांत लखुजी मुजऱ्यास आले. बरोबर पुत्र अचलोजी व राघोजी, आणि दत्ताजींचा पोरका मुलगा यशवंतराव. दरबारांत आधींच मारेकरी तयार ठेवले होते. चौघेही तेथेंच मारले गेले. लखुजींच्या पत्नी व बंधु जगदेवराव कसेबसे सिंदखेडास निसटले, आणि मागें राहिलेलें घराणें पुन्हां मोगलांच्या आश्रयास गेलें. दुसरीकडे जाणार तरी कोठें?

वाचकहो, या जागीं आम्हीं पुस्तक मिटलें व बराच वेळ स्वस्थ बसलों. आमच्या वहींतल्या वाक्यांत या पौर्णिमेचा मागमूसही नव्हता. 'फितूर होऊन मोगलांस मिळाले' येथें पूर्णविराम. जणूं तो मनुष्य परत आलाच नाहीं, आणि ज्यांच्याकडे परत आला त्यांनींच त्यास विश्वासानें बोलावून मारलें नाहीं.

हा पेंच जगांत एकट्या सिंदखेडचाही नव्हे. काळ्या समुद्राच्या पूर्वेस, कॉकेशस डोंगराच्या दक्षिणेस आर्मेनिया म्हणून देश आहे. सातव्या शतकांत त्याच्या एका अंगास कॉन्स्टँटिनोपलचें ख्रिस्ती साम्राज्य होतें, व दुसऱ्या अंगास इराणचें राज्य गिळून नुकतीच उदयास आलेली अरबांची खिलाफत. तेथील वंशपरंपरेच्या सरदारांस 'नखरार' म्हणत. आपल्या देशमुखांची आठवण व्हावी असाच तो वर्ग. त्यांतील थिओडोर र्श्तुनी हा कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचा सेनापति होता. पण त्याच दरबारानें संशयावरून त्यास कैद करून राजधानीस नेलेंही होतें. अखेर ६५२ च्या सुमारास त्यानें शामचा सुभेदार मुआविया याच्याशीं तह केला: आर्मेनियाच्या किल्ल्यांत अरबांचे अंमलदार येऊं नयेत, कांहीं वर्षें खंडणी माफ असावी, आणि आर्मेनियानें पंधरा हजार घोडेस्वार बाळगावे. पंधरा हजार! हा आंकडा पाहून आम्हांस जाधवरावांचा सरंजाम आठवला. तह वाईट नव्हता. पण बादशहा स्वतः सैन्य घेऊन चालून आला, त्याच्या देशांतल्याच इतिहासकारानें या तहाबद्दल त्यास कठोर शब्दांत दोषी ठरविलें, आणि शेवटीं अरबांनीं नेल्यावर त्यास मरण आलें तें परक्या दमास्कस शहरांत. धर्म निराळा, भाषा निराळी, हजार वर्षांचें अंतर; पण गोष्ट तीच. एकास मारलें ज्याच्याकडे तो परतला त्यानें, आणि दुसरा मेला ज्याचा त्यानें आश्रय घेतला त्याच्या घरीं.

आतां मूळ प्रश्न. हे फितूर होते काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अवचित मिळालें तें लखुजींच्या नातवाच्या चरित्रांत. १६६५ च्या जून महिन्यांत पुरंदरास शिवाजीमहाराजांनीं मिर्झाराजे जयसिंगाशीं तह केला. तेवीस किल्ले मोगलांस दिले, संभाजीराजांच्या नांवें पांच हजारांची मनसब घेतली, आणि त्याच वर्षीं मोगलांच्या बरोबरीनें ते विजापुरावर चालून गेले. बाह्यतः पाहतां हें तेंच, जें त्यांच्या आजोबांनीं केलें. तरी महाराजांस फितूर म्हणण्याचा विचार कोणाच्याही मनास शिवत नाहीं. कां शिवत नाहीं? कारण ते मोगलांकडे गेले ते आपलें राज्य पाठीशीं ठेवून. उरलेल्या किल्ल्यांवर त्यांचीं माणसें होतीं, गडाखालीं त्यांची रयत होती, आणि घरीं मातोश्री जिजाबाई वाट पाहत होत्या. कौटिल्याच्या अर्थानें तो संश्रय होता. परत येण्याची जागा असलेला. लखुजींस परत येण्यास जागा होती ती फक्त दौलताबादची, आणि तिनें त्यांचा घात केला.

येथें आम्हांस आमची चूक कळली. फितूर हा शब्द उच्चारण्यापूर्वीं 'आपलें' असें कांहीं असावें लागतें. जें आपलें, त्यास सोडून परक्यास मिळणें ही फितुरी. सिंदखेडच्या देशमुखास निजामशाही तरी आपली कोठें होती? एका सुलतानाची चाकरी सोडून दुसऱ्या बादशहाची चाकरी धरली, एवढेंच तें घडलें. 'आपलें' म्हणावें असें राज्य या भूमींत तोंवर नव्हतें. तें पुढें निर्माण झालें, आणि तें झाल्यानंतरच या शब्दास महाराष्ट्रांत खरा अर्थ आला. मागून आलेला माप घेऊन आम्हीं आधींच्या माणसास मोजलें, आणि कमी भरला म्हणून तांबड्या शाईनें नोंदलें. याची साक्ष त्याच घराण्यांत आहे. दौलताबादेस मारल्या गेलेल्या अचलोजींच्याच वंशांतले म्हणून सेनापति धनाजी जाधव ओळखले जातात. स्वराज्य उभें राहिल्यावर, आणि महाराजांच्या पश्चात् तें सर्वांत मोठ्या संकटांत असतांना, या धनाजींनीं मोगलांस सळो कीं पळो करून सोडलें.

पण समजून घेणें म्हणजे सर्वांस सारखें निर्दोष ठरविणें नव्हे, आणि येथें आमच्याच रानांतला एक दाखला आठवतो. नागपूरचें भोसल्यांचें राज्य १८५४ मध्यें इंग्रजांनीं खालसा केलें. १८५८ मध्यें मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनीं चांदा भागांत इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें, आणि अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. घोट हें आमच्या चामोर्शी तालुक्यांतलेंच गांव. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई या मध्यें सांपडल्या. एकीकडे आपल्याच रानांतलीं माणसें, दुसरीकडे कॅप्टन क्रिक्टन याचें दडपण. त्यांनीं बाबूरावांस धरून इंग्रजांच्या हवालीं केलें. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास बाबूरावांना फांशी झाली, आणि व्यंकटरावांच्या जप्त झालेल्या मुलुखांतलीं गांवें अहेरीस बक्षीस मिळालीं. जमीनदारी राखण्याची चिंता बाईंसही होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण येथें 'आपलें' म्हणणारा एक माणूस उभा राहिला होता. लखुजींच्या वेळीं तसें कोणीच उभें नव्हतें. म्हणूनच या भागांतले लोक आजही नांव घेतात तें बाबूरावांचें. न्याय करावयाचा तर तो हा भेद पाहून करावा. एकच शब्द सर्वांच्या कपाळीं मारून करूं नये.

पंधरा दिवसांनीं, पौर्णिमा उलटून गेल्यावर, आम्हीं पुन्हां ओसरीवर सर्वांस बसविलें व हें सारें सांगितलें. मग सूनबाईंकडे वळून म्हटलें, "तुमच्या प्रश्नाचें उत्तर खरोखरच वहींत नव्हतें. तें त्याच शके १५५१ मध्यें आहे. श्रावणांत बाप आणि दोन भाऊ मारले गेले, तेव्हां जिजाबाई गरोदर होत्या. ज्यांनीं बापास मारलें त्यांच्याच चाकरींत पति. थोड्याच दिवसांत शहाजीराजांनीं निजामशाही सोडली. तेही मोगलांकडे गेले, तेथून परतले, बाल निजामशहास गादीवर बसवून लढले, आणि १६३६ मध्यें विजापूरच्या चाकरीस लागले. बापाच्या वांट्यास जो पेंच आला तोच पतीच्याही आला. आणि त्याच शकाच्या फाल्गुनांत, वद्य तृतीयेस, शिवनेरीवर त्यांना मुलगा झाला."

सूनबाईंचे हात थांबले. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणत्याही दरबारास आपला म्हणूं नये, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नसेल." आम्हीं पस्तीस वर्षें इतिहास शिकविला, हें वाक्य आम्हांस सुचलें नव्हतें.

नातवानें मात्र व्यवहाराचा प्रश्न विचारला. "आजोबा, परीक्षेंत आलें तर मी काय लिहूं?"

आम्हीं त्यास त्याच्या वडिलांची वही व आमचें तांबडें पेन आणावयास सांगितलें. जुन्या वाक्यावर रेघ ओढली आणि बाजूला लिहिलें: 'लखुजी जाधवराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, व पुन्हां निजामशाहींत परतले. परतल्यावर निजामशहानें त्यांस दोन पुत्र व एका नातवासह दरबारांत मारविलें.' खालीं तिथि घातली. चिरंजीवांचे जुने गुण आम्हीं कापले नाहींत. चूक त्यांची नव्हती. नातवास म्हटलें, "हें लिही. गुण कमी पडले तर पेपर घेऊन आमच्याकडे ये."

आमच्या हाताखालीं शिकून गेलेलीं मुलें आतां संसारांत आहेत, आणि त्यांतल्या कांहींच्या घरीं हें मासिक जातें असें आम्ही ऐकतों. त्यांच्या माळ्यावरही अशी एखादी वही असेल. सवड काढून त्यांनीं ती खालीं काढावी, आणि तें एक वाक्य आमच्या वतीनें दुरुस्त करावें अशी विनंति आहे. पुढील महिन्यांत समास.